धूळपाटीपासून कुरणशाळेपर्यंत

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या भिंती केव्हां उभ्या राहिल्या, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु येथें येऊन गेले, याचा वृत्तांत देण्याचा प्रघात आहे, व तो यथायोग्यच आहे. परंतु ज्या मनुष्यानें आमच्या बहुतेक वाचकांच्या हातीं प्रथम पाटी दिली, हात धरून पहिलें अक्षर गिरवून घेतलें व रडें आवरेपर्यंत जवळ बसवून घेतलें, त्या प्राथमिक शाळेंतील मास्तरांस अगर बाईंस अशा पुस्तकांत एखादी ओळ मिळाली तर मिळते. यंदाच्या स्मरणिकेंत कांहीं पानें त्यांच्यासाठीं राखावीं असें आम्हांस वाटलें. त्यास एक कारणहि आहे. बारावी झालेल्या मुलामुलींस पुढें काय करणार, असें आम्ही दरवर्षीं विचारतों. इंजिनियर, नर्स, बँक, परदेश अशीं उत्तरें येतात. पहिली-दुसरीच्या वर्गावर शिकवीन, असें उत्तर क्वचितच येतें, आणि एखादीनें दिलेंच, तर तिची आई लगेच म्हणते, "फादर, तिला जरा समजावून सांगा." आम्ही समजावून सांगत नाहीं. या धंद्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसल्यामुळें आई घाबरते, असा आमचा समज आहे. म्हणून तो इतिहास, निदान आपल्या ठाणें जिल्ह्यापुरता, येथें मांडीत आहों.

निजामपुरा ही काय वस्ती आहे, हें येथील वाचकांस सांगणें नको. शहराच्या कारभाराच्या नांवांतच भिवंडीला निजामपूर जोडलेलें आहे. कामवारी नदीच्या कांठचें हें जुनें बंदर हातमागानें वाढलें, आणि गेल्या शतकांत यंत्रमागानें त्याचें रूप पार पालटलें. कोंकणी मुसलमान येथले जुने रहिवासी. उत्तर हिंदुस्थानांतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणांतून आलेले पद्मशाली, आसपासच्या गांवचे आगरी व कुणबी, तालुक्यांतील कातकरी व वारली, आणि आम्हां ख्रिस्ती कुटुंबांसारखे पोटापाण्यासाठीं येऊन राहिलेले लोक, असा हा मेळ आहे. सरकारी प्राथमिक शाळा मराठी, उर्दू, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांतून चालवाव्या लागतात त्या यामुळेंच. मागाचा खडखडाट रात्रपाळींतहि थांबत नाहीं. बाप सकाळीं झोपावयास घरीं येतो, त्याच वेळीं मूल दप्तर घेऊन बाहेर पडतें. अशा मुलांस चाळीस-पन्नासांच्या घोळक्यांत बसवून अक्षर शिकविणें हें काम काय प्रकारचें आहे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

इंग्रजी अंमलापूर्वीं आपल्याकडे हें काम पंतोजी करीत. शाळा म्हणजे एखाद्या सावकाराची ओसरी अथवा देवळाची ओवरी. मुलें धूळपाटीवर बोटानें अथवा काडीनें अक्षरें काढीत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे एका सुरांत म्हणत. मोडी वाचतां-लिहितां येऊं लागली व व्याजाचा हिशेब जमूं लागला, म्हणजे शिक्षण पुरें झालें. पंतोजींस ठराविक पगार नसे. कोणी धान्य देई, कोणी शिधा, कोणी सणावारीं चार पैसे. शिक्षेच्या बाबतींत मात्र त्यांची कल्पकता दांडगी होती: अंगठे धरून उभें करणें, कोंबडा करणें, छडी तर नित्याचीच. पंतोजींची निंदा करणें आज फार सोपें झालें आहे, आणि आमच्या मतें थोडें अन्यायाचेंहि आहे. तोंडीं हिशेबाची जी तयारी ते करून घेत, ती आजच्या कित्येक पदवीधरांस खालीं मान घालावयास लावील. परंतु त्या ओसरीवर शिकणें व आनंद हे दोन शब्द कोणी एका वाक्यांत उच्चारले असतील असें वाटत नाहीं.

आपल्या वसई प्रांतांत १७३९ पर्यंत, व गोव्यांत १९६१ पर्यंत, पोर्तुगीजांचा अंमल होता. तेथें देवळास लागून पॅरिशची शाळा असे. तींत मास्तर वाचन, धर्मप्रश्नोत्तरी व संगीत शिकवी. गोव्याच्या गांवोगांव व्हायोलिन वाजविणारे हात तयार झाले ते या शाळांतून. हा एक वेगळा व मोठा विषय आहे. तो दुसऱ्या कोणीतरी घ्यावा.

मुंबईंत १८२२ सालीं देशी शाळांसाठीं व शालेय पुस्तकांसाठीं एक मंडळी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते, व सदाशिव काशिनाथ छत्रे यांसारखे विद्वान् तिच्या आश्रयानें मराठींत पुस्तकें करूं लागले. लहान मुलांनीं आपण होऊन वाचावें असें कांहीं मराठींत प्रथम झालें तें छत्र्यांच्या 'बाळमित्र' व 'इसापनीति' या पुस्तकांमुळें. याच मंडळीनें मास्तर तयार करण्याचेंहि काम आरंभिलें. पुढें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें अध्यापनाचा स्वतंत्र वर्ग निघाला, व बाळशास्त्री जांभेकरांसारखा पंडित त्यावर नेमला गेला. मास्तर हा जन्मतः होत नसून त्याला तयार करावें लागतें, ही कल्पना येथें रुजली ती अशी.

मास्तराची बाई कधीं झाली हें पुण्यानें पाहिलें. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली, व त्यांच्या पत्नी सावित्रीबाई शिकविण्याचें शिक्षण घेऊन तींत शिक्षिका झाल्या. रस्त्यानें जातांना त्यांच्या अंगावर शेणमाती टाकली जाई, हें आतां शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. आम्ही वाचकांचें लक्ष दुसऱ्याच एका कागदाकडे वेधूं इच्छितों. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं एक निवेदन सादर केलें. त्यांत त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं प्राथमिक मास्तरांचा पगार क्वचितच दहा रुपयांवर जातो, बहुतेक मास्तर शिकविण्याचें शिक्षण न घेतलेले आहेत, आणि त्यामुळें शाळा निर्जीव होतात. शेतकरी वर्गांतून मास्तर घ्यावे, ते नांगराच्या मुठीला हात लावण्यास न लाजणारे असावे, गोरगरिबांत मोकळेपणानें मिसळणारे असावे, व त्यांस निदान बारा रुपये, मोठ्या गांवीं पंधरा ते वीस रुपये द्यावे, अशी त्यांची मागणी होती. मास्तराचा पगार आणि मास्तराचें लोकांत मिसळणें या दोन गोष्टी त्यांनीं एकाच दमांत सांगितल्या, हें विसरूं नये. पुढें आपणांस याकडे परत यावयाचें आहे.

सेमिनरींत असतांना संतचरित्रें पुष्कळ वाचावीं लागतात, व वयोमानानें त्यांतील बरींच विसरतात. संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांचें चरित्र आम्ही विसरलों नाहीं, त्याचें कारण त्यांतील एक कबुली. फ्रान्स देशांतील रॅंस शहरीं १६५१ सालीं एका श्रीमंत घराण्यांत ते जन्मले, सोळाव्या वर्षींच तेथील महामंदिराचे कॅनन झाले व १६७८ मध्यें धर्मगुरु झाले. गरीब मुलांच्या शाळांशीं त्यांचा संबंध आला तो योगायोगानें. त्या काळच्या शाळामास्तरांस ते आपल्या घरगड्याहूनहि खालचे समजत, असें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे. या कामांत इतकें गुंतावें लागेल हें आधीं कळलें असतें, तर आपण त्यास हातहि लावला नसता, असेंहि ते म्हणतात. १६८१ सालीं त्यांनीं त्याच मास्तरांस स्वतःच्या घरीं राहावयास आणिलें. आप्तेष्ट रागावले. १६८३ मध्यें त्यांनीं कॅननची जागा सोडली, आणि पुढें दुष्काळांत आपली मालमत्ता भुकेल्यांस वांटून टाकली. लॅटिनऐवजीं मुलांच्या मातृभाषेंतून वाचन शिकवावें, एकेका मुलास वेगळें न शिकवितां वर्ग करून शिकवावें, आणि मास्तरांस आधीं तयार करावें, या तीन गोष्टी त्यांनीं व्यवहारांत आणिल्या. १७१९ सालीं शुभ शुक्रवारीं ते वारले. १५ मे १९५० रोजीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलें. शिक्षक होण्याची इच्छा उपजत असावी लागते असें मानणाऱ्यांनीं या संताचें चरित्र अवश्य वाचावें. त्यांच्या ठिकाणीं ती मुळींच उपजत नव्हती. ती वर्गाजवळ गेल्यानें आली.

वर्गांतील आनंदाचा शोध खरोखर कोणीं लावला, असें विचारल्यास आमच्या डोळ्यांपुढें आणखी एक नांव येतें. डॉ. मारिया माँटेसोरी या इटालियन बाई धंद्यानें डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजीं, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, रोम शहराच्या सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें. आईबाप कामावर गेल्यावर चाळीच्या जिन्यांवरून हुंदडणारीं व भिंती खरडणारीं हीं मुलें. घरमालकाला आपल्या भिंतींची काळजी, म्हणून जागा मिळाली. निजामपुऱ्याच्या वाचकांस हें चित्र अगदींच परकें वाटूं नये. तेथें बाईंनीं पाहिलें कीं एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या भोकांत बसविण्याचा खेळ पुनः पुनः करीत आहे. इतर मुलांस गावयास लावलें, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेविलें, तरी तिनें तो चाळीसहून अधिक वेळां केला. मग थांबली, आणि झोपेंतून ताजेंतवानें उठावें तसें तिनें सभोंवार हंसून पाहिलें. या एका हंसण्यावर पुढची सगळी पद्धति उभी आहे. आनंद म्हणजे शिकण्याच्या कडू गोळीवर चढविलेली साखर नसून शिकणें नीट चाललें असल्याची ती खूण आहे, असें बाईंच्या ध्यानीं आलें. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या व महायुद्धामुळें १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या.

त्या येथें येण्याच्या कितीतरी आधीं त्यांचें म्हणणें काठेवाडांत पोहोंचलें होतें. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका नांवाच्या गृहस्थांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. ते मूळचे वकील. लोक त्यांस 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई, म्हणत. १९२३ सालीं त्यांस एक मराठी सहकारी मिळाल्या, त्या ताराबाई मोडक. मुंबईस १८९२ सालीं केळकरांच्या घरीं जन्मलेल्या या बाई पदवीधर होत्या व राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या मुख्य होत्या. ती मानाची जागा सोडून त्या दोन-तीन वर्षांच्या मुलांत येऊन बसल्या. १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघूं लागली, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरला शिशुविहार सुरू केला. सुशिक्षित कुटुंबांनीं त्याचें कौतुक केलें. पण ताराबाईंच्या मनांत एक कांटा राहून गेला: हा आनंद फी देणाऱ्यांच्याच मुलांचा काय?

आतां आम्ही मुख्य कथेकडे येतों.

पुणें जिल्ह्यांतील मोरगांवीं १७ मार्च १९१० रोजीं एका मुलीचा जन्म झाला. तिचें नांव अनुताई बाळकृष्ण वाघ. त्या काळच्या रीतीप्रमाणें तिचें लग्न तेराव्या वर्षीं झालें, आणि सहा महिन्यांच्या आंत ती विधवा झाली. पुढचें आयुष्य माजघरांत काढावयाचें, हें ठरल्यासारखेंच होतें. परंतु तिच्या घरच्यांनीं तिला पुनः शाळेंत घातलें. १९२५ सालीं ती व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरली, व १९२९ सालीं पुण्याच्या अध्यापन विद्यालयांतून पहिल्या क्रमांकानें बाहेर पडली. विधवेला मानानें भाकरी मिळविण्याचे मार्ग त्या काळीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत शिक्षिकेचा धंदा हा एक. म्हणजे अनुताई या धंद्यांत आल्या त्या कांहीं ध्येयाच्या हांकेनें नव्हे. दार एकच उघडें होतें, त्यांतून त्या आंत आल्या. नाशिक जिल्ह्यांतील चांदोरी गांवीं त्यांनीं कांहीं वर्षें शिकविलें, व १९३३ पासून पुण्याच्या हुजूरपागेंत. दिवसा शिकवून रात्रीं अभ्यास करीत त्या १९३७ सालीं मॅट्रिक झाल्या. नोकरी कायमची, शाळा नामांकित, गांव पुण्यासारखें. येथें बहुतेकांची गोष्ट संपते.

१९४५ सालीं बोरिवलीस ग्रामसेविकांचें शिबिर भरलें होतें. तेथें अनुताईंची व ताराबाईंची गांठ पडली. ताराबाई तेव्हां त्रेपन्न वर्षांच्या होत्या; खेड्यांतील मुलांसाठीं काम सुरू करण्यास त्यांस सोबती हवा होता. अनुताईंनीं होकार दिला, पुणें सोडलें, आणि त्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकास समुद्रकांठीं असलेल्या बोर्डी गांवीं आल्या. तेथें आचार्य भिसे यांच्यासारख्यांनीं शिक्षणाची व आदिवासींच्या सेवेची भूमि आधींच नांगरून ठेविली होती. तें वर्षहि साधें नव्हतें. त्याच १९४५ मध्यें डहाणू-उंबरगांव-तलासरीच्या वारल्यांनीं गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वेठीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठीं घेतलेल्या थोडक्या रुपयांपायीं नवराबायको जन्मभर सावकाराचीं गुलाम होत; अशा मनुष्यास लग्नगडी म्हणत. या लग्नगड्यांच्या मुलांकरितां बालवाडी काढावयाची, असा हा बेत होता. कोणी म्हणेल, भाकरी नाहीं तेथें बालवाडी कशाला? आम्हांस हा प्रश्न उद्दाम वाटत नाहीं, खरा वाटतो. पण वेठ उठविणें आणि मुलास अक्षर देणें यांत आधीं कोणतें, असा वाद घालीत बसणारा बहुधा दोहोंपैकीं एकहि करीत नाहीं. त्या टापूंत दोन्हीं कामें एकाच वर्षीं सुरू झालीं, आणि दोन्हीं स्त्रियांनीं चालविलीं.

प्रथम मुलें येईनातच. येणारीं आलीं तीं नागडीं, नाक वाहणारीं, खरजेनें भरलेलीं. दोघी बाई त्यांच्या वस्तीवर जाऊन त्यांस न्हाऊं घालीत, केंस विंचरीत, आणि मग गाणें म्हणत. रोमहून आलेलीं माँटेसोरीचीं लाकडी साधनें महाग. तीं खेड्यांत आणावयाचीं कोठून? म्हणून गारगोट्या, शिंपले, चिंचोके, पानें, फुलें, काड्या व मातीचीं मडकीं हींच साधनें ठरलीं. आकाराप्रमाणें लावलेले शंख आणि आकाराप्रमाणें लावलेले लाकडी ठोकळे यांत मुलाच्या बोटांस फरक कळत नाहीं, देणगीदारांस कळतो.

तरीहि अडचण उरलीच. पांच वर्षांवरील मूल म्हणजे त्या घरांत कमावता माणूस. मुलगा गुरांमागें रानांत, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरीं. फळा टांगून वाट पाहिली तरी तीं येणार कशीं? तेव्हां शाळाच त्यांच्यामागें गेली. गुरें जेथें चरत तेथें झाडाखालीं बाई जाऊन बसत. तिला कुरणशाळा असें नांव पडलें. चरणाऱ्या गुरांवर एक डोळा ठेवून मुलें मोजावयास शिकलीं, व मोजावयाला गुरें होतींच. ज्या अंगणांत मुलें जमत त्याच अंगणांत बालवाडी भरूं लागली. ताराबाईंनीं तिला अंगणवाडी म्हटलें. पुढें कोसबाडच्या टेकडीवर हें काम गेलें, तेथें विकासवाडी उभी राहिली, व तींत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जवळजवळ आणलीं. यांतील खुबी अशी: धाकटें भावंड पाळणाघरांत ठेवतां आलें, कीं थोरली बहीण पहिलीच्या वर्गांत बसावयास मोकळी होते. तिच्या कडेवरचें ओझें उतरविल्याशिवाय तिच्या हातांत पाटी येत नाहीं. किती साधी गोष्ट, आणि केवढे मोठमोठे अहवाल ती न पाहतां लिहिले गेले!

ताराबाईंस १९६२ सालीं पद्मभूषण मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या वारल्या. अनुताई कोसबाड सोडून गेल्या नाहींत. दृष्टि अधू झाली असतांहि १९६१ सालीं त्या बी. ए. झाल्या होत्या. त्यांस पद्मश्री, व १९८५ सालीं जमनालाल बजाज पारितोषिक मिळालें, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजीं त्यांचा अंत झाला. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हें त्यांचें आत्मचरित्र आमच्या तरुण वाचकांनीं मिळवून वाचावें.

या बाईंविषयीं लिहितांना सर्वजण त्याग हा शब्द वापरतात. आम्ही स्वतः अनेक प्रवचनांतून त्यागाची महती गाइली आहे, तरी येथें तो शब्द आम्हांस पुरेसा वाटत नाहीं. त्यागानें मनुष्य एक वर्ष काढील, पांच काढील. सत्तेचाळीस वर्षें काढणार नाहीं. शंख लावतां लावतां मान वर करून हंसणारें मूल ज्यानें रोज पाहिलें, त्याला दुसरीकडे कोठें जावेंसें वाटत नाहीं, एवढेंच आहे. आम्हीं सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकलों, ईशज्ञान शिकलों, वक्तृत्वहि शिकलों. पण सहा वर्षांच्या वीस मुलांस दहा मिनिटें एका गोष्टींत गुंतवून ठेवणें याहून कठीण व्याख्यान आम्हांस अद्याप द्यावें लागलेलें नाहीं. तें साधतें त्या दिवशीं जेवण अधिक गोड लागतें. रविवारच्या धर्मशिक्षणवर्गास शिकविणारे आमचे तरुण याची साक्ष देतील.

भिवंडीस हें सगळें दूरचें आहे असें कोणी म्हणूं नये. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत कोसबाड व निजामपुरा एकाच जिल्ह्यांत होते. आपल्या तालुक्यांत वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर कातकरी व वारली कुटुंबें मुलाबाळांसह तेथें येतात, आणि पावसाळ्याच्या तोंडीं परततात. भट्टीजवळ तीं ज्या झोंपड्या घालतात त्यांस भोंगा म्हणतात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विधायक संसद या संस्थेनें या मुलांसाठीं भट्टीवरच शाळा काढल्या. त्यांस भोंगाशाळा हेंच नांव मिळालें. कुरणशाळेची ही धाकटी बहीण. जेथें मूल तेथें शाळा, हा कोसबाडचा धडा विटांच्या ढिगाऱ्यांतहि खरा ठरला. निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत तो अजून पुरता गिरविला गेलेला नाहीं. येथें ज्या मुलाची आई घरीं भोजपुरी अगर तेलुगू बोलते, व जें रस्त्यावर उर्दू ऐकून मराठी शाळेंत येतें, तें पहिले सहा महिने गप्प बसतें, आणि त्या गप्प बसण्याला मंदबुद्धि समजलें जातें. जो शिक्षक त्याच्या घरच्या दहा शब्दांची ओळख करून घेतो, त्याच्याशीं तें मूल बोलूं लागतें. आमच्या समाजांतील मुलामुलींस एक सोय जन्मतःच लाभलेली आहे: त्यांतील पुष्कळांस दोन-तीन भाषा कानावरून येतात. या धंद्यांत ती मोठी ठेव आहे.

आतां पैशाची गोष्ट, कारण आईची भीति मुख्यतः तिचीच आहे, व ती अनाठायीं नाहीं. शिक्षकाला आनंद मिळतो ना, मग पगार थोडा असला म्हणून काय झालें, असें म्हणणारे लोक प्रत्येक पिढींत निघतात. जोतीरावांनीं १८८२ सालीं बारा रुपये मागितले ते याच लोकांकडे. महाराष्ट्र सरकारनें २००० सालीं शिक्षणसेवकांची योजना आणिली. तीन वर्षें मानधनावर काम, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकच्या शिक्षणसेवकास आरंभीं महिना ३,००० रुपये मिळत. पुढें ६,००० झाले, आणि २०२३ पासून १६,०००. ताराबाईंच्या अंगणवाडीचें नांव घेऊन २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें ३३ प्रकल्पांनीं जी योजना सुरू केली, ती आज देशाच्या गांवोगांव पोहोंचली आहे. परंतु तिच्या सेविकांस जें मिळतें त्याला वेतन न म्हणतां मानधन म्हणतात. त्यांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२२ मध्यें दिला. म्हणजे कुरणांत जाऊन बसणाऱ्या बाईचें काम ही नोकरी आहे, एवढें मान्य होण्यास पाऊणशें वर्षें लागलीं. शिक्षकाच्या आनंदाचे गोडवे गाऊन त्याचा पगार कापणें यास आम्ही सरळ लबाडी म्हणतों, मग ती सरकारची असो वा धर्मसंस्थेची. आनंद हा मजुरीचा भाग धरावयाचा नसतो.

एक गोष्ट मात्र निःसंशय सुधारली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस बंदी घातली, व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. कांहीं जुने पालक याबद्दल हळहळतात, व आमच्याकडे येऊन तसें बोलूनहि दाखवितात. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, तुम्हांस मारणारे मास्तर आठवतात कीं गोष्ट सांगणाऱ्या बाई? उत्तर द्यावयास त्यांस वेळ लागत नाहीं.

प्राथमिक शिक्षक होऊं इच्छिणाऱ्यांनीं बारावीनंतर अध्यापनाची दोन वर्षांची पदविका घ्यावयाची असते, व नंतर पात्रता परीक्षा द्यावयाची असते. आपल्या पॅरिशमधील ज्या मुलामुलींच्या मनांत हें असेल त्यांनीं निकालानंतर पॅरिशच्या कार्यालयांत यावें. आमच्यांतील दोन निवृत्त बाईंनीं अर्ज भरून देण्याचें व अभ्यासास मदत करण्याचें मान्य केलें आहे. आई बरोबर आली तरी चालेल.